मुंबई बंदरातल्या जुन्या क्वारंटाईनच्या फायली कशा शोधायच्या आणि कशा वाचायच्या

घरात कुणीतरी सांगितलेलं असतं की प्लेगच्या वर्षी पणजोबा मुंबईहून बोटीने गावाला आले तेव्हा बंदरावरच अडवून ठेवलं होतं. किंवा एमएच्या प्रोजेक्टला विषय मिळालेला असतो, इंग्रजांच्या काळातलं बंदर आणि साथीचे रोग. मग माणूस गूगल करतो आणि सगळीकडे तीच चार वाक्यं सापडतात, 1896, मांडवी, डॉ. व्हिएगस, 1897 चा कायदा, संपलं. खरं तर या विषयावर इतके कागद शिल्लक आहेत की एका माणसाला आयुष्य पुरणार नाही, आणि त्यातले बरेचसे घरबसल्या फुकट वाचता येतात, फक्त ते कुठे आहेत आणि कुठल्या टोकाकडून वाचायला घ्यायचे हे कुणी सांगत नाही. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय. मुख्यतः 1896 ते 1900 हा काळ आणि मुंबई बंदर एवढंच धरलंय, पण पद्धत कराची, एडन, कलकत्ता कुठल्याही बंदराला चालेल.

आधी दिशा नीट समजून घ्या

आपल्याला वाटतं की क्वारंटाईन म्हणजे बाहेरून रोग येऊ नये म्हणून येणारी बोट अडवायची. मुंबईच्या फायली त्या अपेक्षेने उघडल्या तर काहीच हाताला लागत नाही आणि माणूस कंटाळून सोडून देतो. कारण प्लेगच्या काळात मुंबई सरकारला खरी काळजी होती ती मुंबईहून बाहेर जाणाऱ्या बोटींची, म्हणजे एडन, सुएझ, मार्सेय, सिंगापूर ही बंदरं आपल्या बोटीला काय वागणूक देतील, कापूस, धान्य, कातडी उतरवून घेतील की परत पाठवतील, टपालाची बोट कालव्यातून थांबल्याशिवाय पुढे जाईल की नाही. त्यामुळे माझा सल्ला सरळ आहे: फाईल उलटी वाचा. आधी समोरच्या बंदराने काय मागणी केली ते शोधा, मग मुंबईत कुठला नियम निघाला ते बघा, आणि मग तो नियम कुणाच्या अंगावर पडला ते बघा. या तीन पायऱ्या डोक्यात ठेवल्या की निम्मं काम झालं.

हे असं का होतं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंग्रजांना समुद्रावरचं क्वारंटाईन मुळातच नको होतं. 1869 ला सुएझ कालवा सुरू झाला, मुंबई ते युरोप अंतर एकदम कमी झालं, व्यापार वाढला, आणि त्याचबरोबर फ्रान्स, इटली, तुर्कस्तान यांची भीती वाढली की हिंदुस्थानातला कॉलरा आता काही आठवड्यांत आपल्या दारात येणार. त्यावर ते म्हणायचे बोटी अडवा, आणि इंग्रज म्हणायचे अडवण्याची गरज नाही, डॉक्टरने तपासलं की पुरे. हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर जे. एम. कनिंगहॅम तर कॉलरा माणसामाणसातून पसरतो हेच मान्य करत नव्हते, आणि ते या पदावर 1884 पर्यंत होते. खुद्द इंग्लंडमध्ये क्वारंटाईनचे जुने कायदे 1896 साली रद्द केले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेग निघाला. कायदा नव्हता असं नाही, 1870 चा इंडियन क्वारंटाईन अ‍ॅक्ट होता, पीनल कोडात क्वारंटाईनचा नियम मोडण्याबद्दल 271 हे वेगळं कलम 1860 पासून होतं. म्हणजे अधिकार कागदावर होते, वापरायची इच्छा नव्हती, आणि ती इच्छा बाहेरून दबाव आल्यावर झाली. हे मी माझं मत म्हणून सांगतोय पण तारखा लावून बघा, तुम्हालाही तेच दिसेल.

तारखांचा तक्ता स्वतः हाताने करा

हे काम टाळू नका. एक वही घ्या, डाव्या बाजूला मुंबईतल्या तारखा, उजव्या बाजूला बाहेरच्या. डावीकडे: सप्टेंबर 1896, मांडवीत (मुंबईतली बंदराजवळची गोदामांची वस्ती) डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला (मूळचे गोव्यातले, हडफड्याचे, नंतर मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे अध्यक्षही झाले, मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे तो जाता येता बघा). ऑक्टोबरच्या सुरुवातीला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांचा हुकूम, रोग्याला सक्तीने हॉस्पिटलात हलवायचे अधिकार. ऑक्टोबर संपता संपता आर्थर रोड हॉस्पिटलवर गिरणी कामगारांचा हल्ला, आणि लगेच हुकूम सैल. मग 4 फेब्रुवारी 1897, एपिडेमिक डिसीजेस अ‍ॅक्ट, म्हणजे साथीच्या रोगांचा कायदा. मार्चच्या सुरुवातीला जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी. उजवीकडे: 16 फेब्रुवारी 1897, व्हेनिसमध्ये आंतरराष्ट्रीय सॅनिटरी कॉन्फरन्स, म्हणजे निरनिराळ्या देशांची आरोग्य परिषद सुरू, विषय एकच, प्लेग. 19 मार्च 1897, करारावर सह्या.

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवून बघा. कायदा परिषदेच्या बारा दिवस आधी झाला, आणि तो घाईघाईने झाला. अख्खा कायदा चार कलमांचा, त्यात येणाऱ्या जाणाऱ्या बोटी तपासण्याचा आणि जहाजावर चढणाऱ्या माणसाला अडकवून ठेवण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला. त्याच फेब्रुवारीत मुंबईहून हजला जाण्यावर बंदी आली. ज्या सरकारने आदल्या पंचवीस वर्षांत क्वारंटाईनला विरोध केला तेच सरकार एका महिन्यात इतकं करतं, याला रोगाची भीती कारण होतीच, लोक मरतच होते, पण व्हेनिसला जाताना हातात दाखवायला काहीतरी हवं होतं हेही त्यात आहे. त्या वेळचे व्हाईसरॉय एल्गिन, सेक्रेटरी ऑफ स्टेट (लंडनमधले हिंदुस्थानमंत्री) जॉर्ज हॅमिल्टन आणि मुंबईचे गव्हर्नर सँडहर्स्ट या तिघांतला त्या हिवाळ्यातला पत्रव्यवहार आणि तारा वाचल्या की हे फार स्वच्छ दिसतं.

कुठलं खातं कशासाठी

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथे अडकतो. एकाच बोटीबद्दलचे कागद पाच ठिकाणी विखुरलेले असतात कारण अधिकारच तसे वाटलेले होते. बोट पाण्यात आहे तोवर सरकारचं बंदर खातं आणि पोर्टचा हेल्थ ऑफिसर. धक्क्याला लागली, माल गोदामात गेला की मुंबई पोर्ट ट्रस्ट, जो 1873 साली झाला आणि ज्याने प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक बांधले. माणूस गेटाबाहेर पडून मांडवीच्या रस्त्यावर आला की म्युनिसिपालिटी आणि तिचे हेल्थ ऑफिसर डॉ. वेअर. मार्च 1897 नंतर शहरात प्लेग कमिटी. आणि या सगळ्यांच्या वर मुंबई सरकारचं जनरल डिपार्टमेंट, त्याच्या वर हिंदुस्थान सरकारचं होम डिपार्टमेंट, सॅनिटरी शाखा. त्यामुळे तुम्हाला जर "बोट अडवली का" हे हवं असेल तर जनरल आणि मरीन डिपार्टमेंट, "गोदामात काय झालं" हवं असेल तर पोर्ट ट्रस्टचे वार्षिक अहवाल, "उतरलेल्या माणसाचं पुढे काय झालं" हवं असेल तर म्युनिसिपल कमिशनरचे अहवाल. यात एकमेकांवर ढकलाढकल भरपूर दिसते, ती वगळू नका, उलट तिच्यावरच लक्ष ठेवा. दोन खात्यांचं भांडण झालं की दोघंही लांबलचक पत्रं लिहितात आणि एरवी न लिहिलेल्या गोष्टी लिहून जातात, किती माणसं ठेवली, कुठे ठेवली, जेवणाचे पैसे कुणी द्यायचे.

घरबसल्या काय मिळतं

दप्तरखान्यात जाण्याआधी हे करून घ्या, नाहीतर तिथे जाऊन वेळ फुकट जातो. नॅशनल अर्काइव्हजचं अभिलेख पटल नावाचं पोर्टल आहे, फुकट नोंदणी करायची, आणि होम डिपार्टमेंट, सॅनिटरी, 1896 पासून पुढे असं शोधायचं. सगळं स्कॅन झालेलं नाही पण फायलींची नावं तरी दिसतात, आणि नावावरून मुंबईतल्या फायलीचा माग लागतो. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ब्रिटिश हिंदुस्थानातले वैद्यकीय अहवाल स्कॅन करून ठेवलेत, त्यात प्लेगचे खूप आहेत. वेलकम कलेक्शन आणि इंटरनेट अर्काइव्ह इथे स्नो यांचा आणि गेटेकर यांचा असे दोन्ही अहवाल शोधा. हे दोन्ही एकाच शहराबद्दल आहेत पण एक म्युनिसिपालिटीचा आणि एक लष्करी अधिकाऱ्याचा, त्यामुळे एकत्रच वाचा, एक वाचून दुसरा सोडू नका.

शोधताना स्पेलिंगचा मोठा त्रास होतो. इंग्रज कारकुनाने वेंगुर्ल्याचं विंगोर्ला केलेलं असतं, दाभोळचं दाबुल, विजयदुर्गाचं विझियाद्रुग, ठाण्याचं टॅना, आणि बाणकोट कुठे कुठे फोर्ट व्हिक्टोरिया म्हणून येतो. आजचं स्पेलिंग टाकलं तर काहीच येणार नाही, म्हणून आपल्या बंदराच्या नावाची जेवढी जुनी रूपं मिळतील तेवढी आधी एका कागदावर लिहून घ्या आणि प्रत्येक रूप वेगळं शोधा. आणि मांडवी! मुंबईतली मांडवी वेगळी, कच्छातलं मांडवी बंदर वेगळं, सुरतेकडेही मांडवी आहे. 1897 साली कच्छ मांडवीत प्लेगचा फार मोठा उद्रेक झाला, आणि या दोघींचं अहवालात एकमेकींच्या मागेपुढे नाव येतं, त्यामुळे आकडा लिहून घेताना कुठली मांडवी ते तिथल्या तिथे लिहा, घरी येऊन आठवत नाही.

दप्तरखान्यात गेल्यावर

महाराष्ट्राचा मुख्य दप्तरखाना म्हणजे पुराभिलेख संचालनालय, काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. ओळखपत्र आणि संस्थेचं किंवा मार्गदर्शकाचं पत्र बरोबर ठेवा, नियम बदलत असतात म्हणून निघायच्या आधी फोन करून विचारून घ्या. तिथे गेल्यावर "प्लेगची फाईल द्या" असं सांगून उपयोग नाही, कागद खातं, वर्ष, व्हॉल्यूम आणि कंपायलेशन (एका प्रकरणाचे एकत्र लावलेले कागद) नंबर या चार गोष्टींवर लावलेले असतात. प्लेगसाठी जनरल डिपार्टमेंटमध्येच प्लेग म्हणून वेगळी मालिका 1897 पासून सुरू होते. आधी सूची मागवा, सूचीत बोटी, बंदर, यात्रेकरू, खलाशी, क्वारंटाईन, तपासणी असे शब्द जिथे जिथे आहेत ते सगळे नंबर उतरवा आणि मगच चिठ्ठी भरा. कागद जीर्ण असतात, पान उलटताना खालून हात देऊन उलटा, पेन बाहेर ठेवा, पेन्सिल वापरा. ही सूचना कंटाळवाणी वाटेल पण एक कोपरा तुटला की त्यावरचं नाव कायमचं गेलं, आणि ते कुणाच्या तरी पणजोबांचं नाव असू शकतं.

फाईल उघडली की पहिल्या पानापासून वाचू नका. सगळ्यात शेवटी सरकारचा ठराव असतो, तो आधी वाचा, काय ठरलं ते कळतं. मग मागे येत येत कुणी कुणाला काय लिहिलं ते बघा, आणि मधे समासात पेन्सिलीने किंवा वेगळ्या शाईने केलेले शेरे असतात ते तर अजिबात सोडू नका. ठराव सभ्य भाषेत असतो, शेऱ्यात खरं कारण असतं. मधेच एखादा मराठी किंवा मोडीतला अर्ज जोडलेला सापडतो आणि त्याच्याबरोबर त्याचं इंग्रजी भाषांतर. मोडी येत असेल तर मूळ अर्ज वाचा, येत नसेल तर शिकणाऱ्या कुणाची तरी मदत घ्या. भाषांतरात माणसाचं गाऱ्हाणं दोन ओळीत उरकलेलं असतं, मूळ अर्जात तो तीन पानं बोललेला असतो.

एका बोटीचं प्रकरण कसं वाचायचं

एक बोट, एक महिना, एवढंच घ्या सुरुवातीला. तेव्हाच्या बोटीला निघताना बंदराकडून आरोग्याचा दाखला मिळायचा, बिल ऑफ हेल्थ. बंदरात साथ नसेल तर स्वच्छ दाखला, असेल तर तसं त्यावर लिहिलेलं. हा दाखला घेऊन कप्तान पुढच्या बंदरात जायचा, पिवळा बावटा लावून लांब थांबायचा, डॉक्टर बोटीवर यायचा, आणि त्याचं समाधान झालं की किनाऱ्याशी संबंध ठेवायची परवानगी. व्हेनिस करारात बोटींचे तीन वर्ग आहेत: लागण झालेली, संशयित, आणि निरोगी. लागण झालेली म्हणजे बोटीवर रोगी आहे किंवा ठरलेल्या दिवसांच्या आत निघालेला होता, संशयित म्हणजे रोगी निघाला होता पण ते दिवस उलटून गेलेत, आणि निरोगी म्हणजे प्लेग असलेल्या बंदरातून आलीये पण बोटीवर काही नाही. हे दिवस करारागणिक बदलत गेले, 1897 चे वेगळे, 1903 च्या पॅरिस कराराचे वेगळे, म्हणून 1905 च्या बोटीला 1897 चा नियम लावू नका.

मुंबईहून निघतानाचा नियम मला या सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. करारात लिहिलंय की बाधित बंदरातून निघणाऱ्या प्रत्येक माणसाची तपासणी वेगवेगळी, दिवसाउजेडी, किनाऱ्यावर, चढण्याच्या वेळी, सरकारने नेमलेल्या डॉक्टरने करायची, लक्षणं असलेल्याला चढू द्यायचं नाही, आणि मळके संशयास्पद कपडे जंतुनाशक करून घ्यायचे. दिवसाउजेडी आणि किनाऱ्यावर हे दोन शब्द किती माणसांच्या आयुष्यात किती तास होऊन बसले असतील याचा विचार करा. उन्हात धक्क्यावर रांग, बोचकी सोडून वाफेच्या यंत्रात घालायची, बायकांनी परक्या पुरुषापुढे काखेतली आणि जांघेतली गाठ तपासू द्यायची का हा प्रश्न, त्यावरून झालेला संताप, मग बायका डॉक्टर नेमण्याची मागणी. हे सगळं फायलीत आहे, पण "तपासणीची व्यवस्था" अशा कोरड्या मथळ्याखाली आहे, त्यामुळे मथळा बघून पान उलटू नका.

मालाचंही तसंच. करारात जुने कपडे, चिंध्या, कच्ची कातडी अशा ठराविक वस्तूंनाच मनाई करता येईल असं लिहून बाकीचा व्यापार वाचवला. कापसाच्या गासड्या आणि धान्याची पोती जात राहिली. आज आपल्याला माहीत आहे की प्लेग उंदरावरच्या पिसवेने पसरतो, आणि उंदीर कुठे राहतो तर धान्यात, मांडवीत पहिल्यांदा साथ धरली त्याचं कारण तिथली धान्याची गोदामं. पण पिसवेचा संबंध पॉल लुई सिमॉन या फ्रेंच डॉक्टरने कराचीत 1898 साली दाखवला, आणि तोही तेव्हा फारसा कुणी मानला नाही, 1905 नंतर परळच्या प्रयोगशाळेत काम झालं तेव्हा कुठे पक्कं झालं. म्हणून 1897 च्या अधिकाऱ्याला "याला उंदीर कसे दिसले नाहीत" असं म्हणणं अन्याय आहे. पण माणूस किती दिवस अडला आणि पोतं किती दिवस अडलं ही तुलना करायला काहीच हरकत नाही, ती जरूर करा.

डेकवरचा माणूस शोधा

केबिनमधल्या प्रवाशाचं नाव वर्तमानपत्रात छापून यायचं, साहेब आणि मॅडम अमुक बोटीने रवाना. डेकवर सतरंजी टाकून जाणाऱ्याचं नाव कुठेच नसतं, तो "डेक पॅसेंजर इतके" या आकड्यात असतो, आणि क्वारंटाईनचा जवळपास सगळा भार त्याच्यावर पडलेला आहे. हा माणूस सापडायला तीन वाटा आहेत. एक, खलाशी. बोटीवरचे सारंग, तांडेल, खलाशी यांच्या मुक्कामाबद्दल, कुणी मेला तर पगार घरी पाठवण्याबद्दल पत्रव्यवहार असतो, मरीन डिपार्टमेंट बघा.

दुसरी वाट हजची, आणि ती सगळ्यात भरलेली आहे. मुंबई हे हजचं मोठं बंदर होतं, मध्य आशियापासूनचे यात्रेकरू इथून जायचे. लाल समुद्राच्या तोंडाशी कामरान नावाचं बेट आहे, तिथे 1882 पासून तुर्की सरकारचं क्वारंटाईन, प्रत्येक यात्रेकरूने 10 दिवस आणि कधी जास्त तिथे राहायचं आणि वर त्याची फी स्वतः भरायची. पैसे संपलेले, पाण्याची अडचण, घरून आणलेलं पीठ संपत आलेलं, अशी माणसं. इकडे 1895 चा पिलग्रिम शिप्स अ‍ॅक्ट, बोटीवर माणशी जागा किती, डॉक्टर हवा, परतीच्या तिकिटाचा वाद. आणि त्याच सुमारास टपालाच्या बोटीला मात्र सुएझ कालव्यातून किनाऱ्याला न लागता, पहारेकरी बसवून, थेट पुढे जायची सोय मिळवलेली, जी 1892 च्या व्हेनिस करारात इंग्रजांनी भांडून घेतली होती. एकच समुद्र, एकच बंदर, दोन बोटी. या दोन्हींचे कागद शेजारी ठेवून वाचल्याशिवाय मुंबईचं क्वारंटाईन कळलं असं मी तरी म्हणणार नाही.

तिसरी वाट कोकणची. 1897 च्या जानेवारी-फेब्रुवारीत जवळपास अर्धं शहर मुंबई सोडून गेलं (1891 च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती 8,21,764 होती, यावरून अंदाज घ्या), आणि त्यातले कितीतरी गिरणीवाले, हमाल, घरगडी आगबोटीने रत्नागिरीकडे गेले. मग मुंबईहून आलेल्यांची तपासणी इकडच्या बंदरांवर सुरू झाली. हे कागद जिल्हा कलेक्टरच्या पत्रव्यवहारात मिळतात, म्हणून सूचीत रत्नागिरी आणि कुलाबा हे दोन्ही जिल्हे बघा, तेव्हाचा कुलाबा म्हणजे आजचा रायगड. एक गोष्ट लक्षात ठेवा, पावसाळ्यात किनाऱ्याच्या बोटी बंद असायच्या, आणि प्लेगचा जोर थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत असायचा, म्हणजे बोटींचा हंगाम आणि प्लेगचा हंगाम एकच. कोकणासंबंधीचं काही हवं असेल तर डिसेंबर ते मे हे महिने आधी काढा, जून ते ऑगस्टची पानं नंतर बघितली तरी चालतील. आणि घरची गोष्ट तपासत असाल तर पणजोबांचं नाव मिळेल ही आशा फार ठेवू नका, किनाऱ्याच्या बोटीवर डेकवाल्यांची नावनिशी लिहिलेली नसायची. पण बंदर, महिना, किती दिवस थांबवत होते, कुठे ठेवत होते एवढं जुळलं तरी घरातल्या गोष्टीला आधार मिळतो. नावं हवी असतील तर ती बाहेर गेलेल्या गिरमिट्यांची (करारावर परदेशी नेलेल्या मजुरांची) मिळतात, उदाहरणार्थ मॉरिशसला मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जुन्या नोंदी जपलेल्या आहेत आणि तिथल्या मराठी घरांनी त्यातून आपली कोकणातली गावं शोधलेली आहेत.

लोक काय म्हणत होते

सरकारी कागदात लोकांचा आवाज दोनदा गाळून येतो. देशी वर्तमानपत्रांतल्या मजकुराचा दर आठवड्याला इंग्रजी गोषवारा करून सरकारला दिला जायचा, हे गोषवारे दप्तरखान्यात आहेत आणि फार कामाचे आहेत, कारण त्यात आज न मिळणाऱ्या कितीतरी छोट्या पत्रांचा मजकूर टिकलाय. पण सरकारी भाषांतरकाराने काय निवडलं हे त्याच्या हातात होतं, म्हणून केसरी, इंदुप्रकाश, ज्ञानप्रकाश जिथे मूळ मिळतील तिथे मूळच वाचा. जून 1897 मध्ये पुण्यात रँडचा खून झाला आणि त्यानंतर टिळकांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली, त्यामुळे त्या उन्हाळ्याच्या आधीची पत्रं आणि नंतरची पत्रं यांच्या भाषेत फरक असणार हे धरूनच वाचा. गप्प बसलेलं पत्र म्हणजे लोकांना तक्रार नव्हती असा अर्थ काढू नका.

आणि आता ती उलटी बाजू, समोरचं बंदर. सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं न्यूजपेपरएसजी आणि ऑस्ट्रेलियाचं ट्रोव्ह ही दोन्ही फुकट आहेत, बोटीचं नाव टाका आणि त्या महिन्यातल्या बातम्या बघा. फ्रेंच येत असेल तर फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गॅलिका. मुंबईच्या फाईलीत "बोट वेळेवर रवाना" एवढंच असतं आणि तिकडच्या पेपरात तीच बोट पिवळा बावटा लावून किती दिवस उभी होती ते येतं. गोव्याच्या बाजूचं हवं असेल तर पणजीचा पुराभिलेख विभाग, पण तिथे पोर्तुगीज लागतं.

आकड्यांबद्दल सावध

मृत्यूच्या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. प्लेग म्हटलं की हॉस्पिटल, घर रिकामं करणं, सामान जाळणं, म्हणून लोक लपवायचे, आणि दाखल्यावर ताप, क्षय, फुफ्फुसाचा रोग असं काहीही लिहिलं जायचं. त्या काळच्या अधिकाऱ्यांनाही हे माहीत होतं, म्हणून ते नेहमीच्या वर्षी त्या आठवड्यात किती मरतात आणि यंदा किती मेले हा फरक काढायचे. तुम्हीही तोच काढा. बोटीवरच्या मृत्यूंना हे आणखी लागू, कारण एक मृत्यू प्लेगचा लिहिला की अख्खी बोट अडणार, मग कप्तान आणि बोटीवरचा डॉक्टर काय लिहितील याचा अंदाज करा. सरकारी वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च, त्यामुळे पहिल्या साथीचा मोठा भाग 1896-97 च्या अहवालात असतो आणि उरलेला पुढच्यात, दोन्ही घ्या. खर्चाचे आकडे रुपये, आणे, पै मध्ये, 16 आण्यांचा रुपया, 12 पैंचा आणा. वेळ लिहिलेली असेल तर मुंबईची स्थानिक वेळ की मद्रास वेळ ते बघा, दोघींत साधारण अर्ध्या तासाचा फरक होता आणि तारांच्या क्रमावरून वाद घालायचा असेल तर हा अर्धा तास महत्त्वाचा ठरतो.

टिपण काढताना प्रत्येक नोंदीच्या वर खातं, वर्ष, व्हॉल्यूम, कंपायलेशन, पान हे पाच रकाने आधी भरा आणि मग मजकूर उतरवा, मोबाईलने फोटो काढायची परवानगी असेल तर प्रत्येक फाईलच्या पहिल्या फोटोत तिचं बाहेरचं लेबल घ्या. आणि एखाद्या फाईलीत बंदरावर ठेवलेल्या कुणाचंही नाव, गाव दिसलं, भले तुमच्या विषयाशी त्याचा काही संबंध नसेल, तरी ते वेगळ्या वहीत गावाप्रमाणे लिहून ठेवा, कारण त्या गावातलं कुणीतरी ते शोधत असतं.